हँडल कोणी मारायचं?

त्या जुन्या बेबी मोटारीचं कौतुक माझ्यापुढे नको हं. लोकांना तिची ऐट आठवते, मला माझे भरून आलेले दंड आठवतात. ठाण्याला रोज सकाळी आमचे हे कडक इस्त्रीत आत बसायचे आणि मी नऊवारी खोचून, इंजिन सुरू होईपर्यंत पुढे हँडल मारायचे. चालवायला शिकवा म्हटलं की, "बायकांचं काम नाही ते." हँडल मारणं तेवढं बायकांचं!

एकदा कल्याणला माहेराहून निघताना दादा म्हणाला, "भाऊजी, हिलाही शिकवा की."

हे सगळ्यांदेखत हसले. "हिच्या हातून चूल धड पेटली तरी पुष्कळ!"

माझं डोकंच फिरलं. हँडल यांच्या हातात कोंबलं आणि स्टिअरिंगपुढे जाऊन बसले. "मारा आता."

दादा समोर, वहिनी दारात, हे करतात काय? घामाघूम झाले तेव्हा कुठे ती मेली सुरू झाली. खिडकीशी येऊन म्हणाले, "सरक तिकडे."

"पलीकडून बसा," मी म्हटलं, "आणि गिअर सांगा."

शेजारी बसून बसून क्लच-ब्रेक मला कधीचे पाठ होते; दुर्गाडी किल्ल्यापर्यंत गाडी एकदाही बंद पडली नाही. आणि दार घट्ट धरून बसलेल्या नवऱ्याला मी एकदाही 'घाबरू नका' म्हटलं नाही.