शनवारचा दवाखाना

माझं माहेर पारोळ्याकडचं, दिली जामनेरकडे, आणि शहाणी झाले ती धुळ्याच्या या दवाखान्यात, म्हणून बोली अशी अर्धी आपली, अर्धी इथल्या डॉक्टर सायबांची, हसू नका. कमल अक्का म्हणतात मला, बठ्ठे म्हणतात, पेशंट पण आणि ट्रस्टवाले पण.

दवाखाना ज्यू लोकांचा. काय सांगू तुम्हाला, आमच्या मुलखात ज्यू म्हणजे कोण ते कोणाला ठाऊक, मला वाटायचं पारशीच असतील. सायबांच्या आजीला क्षय झालेला, तिला कोणी भाड्यानं खोली देईना, लिंबाखाली खाट टाकून मेली बिचारी, मग आजोबांनी मुंबईच्या आपल्या समाजातून देणग्या आणल्या आणि माळावर हे दोन लांब वॉर्ड बांधले, क्षयवाल्यांसाठी, फुकट, आणि जात विचारायची नाही हा पहिला नियम. सायब आणि त्यांच्या रिबेकाबाई शनिवार पाळायचे, शनिवारी त्यांच्या घरात चूल पेटायची नाही, शुक्रवारचं केलेलं खायचे, रोग्यांची औषधं तेवढी चालू. झालं, लोकांनी ठरवलं की डॉक्टर शनीचा कडक भक्त. दर शनिवारी दवाखान्याच्या उंबऱ्यावर तेल ओतायला ही गर्दी. सायब आधी समजावत, मग दमले, म्हणाले, आमचे वाडवडील कोकणात तेलाचे घाणेच चालवायचे, ओता बापहो.

मला पण शनिवारीच आणली. एकवीस वर्षांची होते, थुंकीत रक्त. नवऱ्यानं तेल ओतलं, हात जोडले आणि सायबांना म्हणतो, हिला साडेसाती लागली शे, ती संपेपर्यंत ठेवा, मधी पाठवू नका. सायब म्हणाले, अरे बाबा, हा जंतू आहे, गोळ्यांनी जातो, दीड वर्षात धडधाकट होईल ही. तो नुसता मान हलवत गेला. त्याला वाटलं, एवढा मोठा भक्त, शनीचं नाव तोंडानं कसा घेईल, म्हणून जंतू म्हणतोय.

दीड वर्ष सुया टोचून घेतल्या, गोळ्या गिळल्या, बेडका तीनदा साफ आला. बाईंनी पत्र टाकलं, घेऊन जा. उत्तर आलं, अजून सहा वर्षं बाकी आहेत. आता हसावं की रडावं? आणि मग जामनेरकडच्या एका पेशंटनं सांगितलं की माझ्या नवऱ्यानं दुसरी केली. खोटं कशाला बोलू, तीन दिवस भाकरीचा तुकडा मोडला नाही. चौथ्या दिवशी बाई आल्या, म्हणाल्या, स्वयंपाकघरात माणूस कमी आहे, रडायचं तर भाकरी थापता थापता रड. उठले. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या, मग गोळ्या वाटायला लागले, मग कोणाच्या बेडक्याचा रिपोर्ट कसा आला ते मीच सायबांना सांगायला लागले.

आणि आला की हो तो, सहा वर्षांनी. हातात नवी साडी. म्हणे साडेसाती सरली, चल घरी. म्हटलं, दुसरी कुठं शे? ती माहेरी निघून गेली म्हणे. का गेली? मग खाली मान घालून बोलला, माझ्या मायला तेच झालंय, रक्त पडतं, गोठ्यात ठेवलीय, जवळ कोणी जात नाही, तुला एकदा होऊन गेलंय, तुला काही होणार नाही, तू कर तिचं.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. ज्या रोगापायी मला टाकली त्याच रोगापायी आता मी पाहिजे! व्हरांड्यात बठ्ठे पेशंट कान देऊन बसलेले, म्हटलं ऐकू द्या.

मी येत नही, म्हटलं. तिले आठे आण, दवाखान्यात. खाट देईन, गोळ्या देईन, पण तुझ्या गोठ्यात पाय ठेवणार नाही.

लोक काय म्हणतील, म्हणे. म्हटलं, लोकांना सांग, मायला साडेसाती लागली.

आठ दिवसांनी आणली, टेम्पोत गोणपाटाआड लपवून. म्हातारी माझ्याकडे बघेना. पहिला घास मी भरवला तेव्हा म्हणाली, तुले भेटाले मी एक दिवस बी ऊनू नही. म्हटलं, आधी खा. माफ केलं का विचारता? नाही केलं, तसंच लिहा. पण गोळी एक दिवस चुकू दिली नाही. बरी झाली, तो न्यायला आला, तर त्याच्यादेखत माझा हात धरून म्हणते, चल, आते मी तुले घर लई जास. मी म्हटलं, आत्याबाई, घर तुमनं शे, तुम्ही जा. मनं घर आठेच शे.

आता सायब आणि बाई मुलांकडे इस्राएलला गेले, थकले होते फार. ट्रस्टवाले म्हणतात, अक्का, आता गोळ्या घरीच मिळतात, पेशंट येत नाहीत, इथं मंगल कार्यालय करू, चावी द्या. पहिल्या वॉर्डात चार बाया आहेत. बऱ्या झाल्यात, साफ बऱ्या, पण घरचे न्यायला आले नाहीत, आणि येतील असं मला दिसत नाही. त्यांनी कुठं जायचं, मांडवात? ट्रस्टवाल्यांचं भलं होवो, त्यांच्या पोरींची लग्नं थाटात होवोत, दुसरीकडे होवोत. चावी मी देत नही.