बाबांच्या मांडूत गर्दी

…आणि आता सगळे माझ्याच नावानं ओरडतायत! नाही, तुम्हीच सांगा भिया, मोठी बहीण तोंडावर म्हणाली, “हर्षित, तुझ्यात दम नाही,” तर माणसानं काय करायचं? मेधाताई म्हणाली, “बाबा रोज डोळे मिटून कुठं जातात ते शोधून दाखव. दाखवलंस तर महिनाभर स्कूटी तुझी.” स्कूटी! मला डोळ्यांसमोर दिसायलाच लागलं हो… संध्याकाळची वेळ, आमच्या धारच्या मुंज तलावावरचा वारा, मी स्कूटीवर, केस मागे… म्हटलं, “डन!” यात माझं काय चुकलं?

आता बाबा डोळे का मिटतात, ते ऐका. आमचे बाबा पीथमपूरला औषधांच्या कारखान्यात. धारहून शिफ्टच्या बसनं जातात, दिवसभर गोळ्या बाटलीत पडताना बघतात आणि बसनं परत येतात. एका सकाळी बसमध्येच छातीत धडधड, घामाघूम, हातपाय गार! त्यांना वाटलं, संपलं. ड्रायव्हरनं बस सरळ दवाखान्यात नेली. ईसीजीची पट्टी निघाली, रक्त तपासलं, सगळं ठीक. फक्त बीपी वर. डॉक्टर म्हणाले, “उमाशंकरजी, दिल एकदम बढ़िया है. टेंशन बहुत पाल रखा है.” जसं काही आम्ही घरात म्हैस पाळलीय!

तर एक गोळी दिली. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी गोळ्या बनवणारा माणूस, स्वतःला एक मिळाली तर तोंड एवढंसं! मीठ कमी, शेव बंद… माळव्यात शेव बंद, भिया! पोह्यावर काय टाकायचं, आसू? आणि डॉक्टर म्हणाले, गोळी बीपी सांभाळेल, मन सांभाळायला समुपदेशनवाल्या राजनंदिनी मॅडमकडे जा. आणि बीपी खाली आल्याशिवाय ड्यूटीवर जायचं सर्टिफिकेट मिळणार नाही. तेव्हापासून बाबा घरी. कारखाना चालू, बाबा बंद.

मॅडम चांगल्या आहेत, खोटं कशाला बोलू. त्यांनी शिकवलं, मुठी घट्ट आवळा, मग हळूच सोडा. बाबा मुठी आवळून बसले की आमची माई, म्हणजे बाबांची आई, घाबरून म्हणायची, “उमा, कोणावर रागावला आहेस बाळा?” मग शिकवलं, दिवसभर काळजी करायची नाही, संध्याकाळी एक वेळ ठरवून तेव्हाच करायची. तर आई पण शेजारी येऊन बसली, “अहो, करताच आहात तर माझ्या भावाच्या लग्नाची पण करून टाका.” आणि शेवटी दिलं फोनवर रेकॉर्डिंग. मॅडमचा आवाज, एकदम दुधावरच्या सायीसारखा… “श्वास घ्या… सोडा… आता तुम्ही तुमच्या आवडत्या जागी आहात… जिथं मन शांत आहे…” आणि बाबा जायचे. खरंच जायचे हो! कपाळावरची आठी पुसल्यासारखी जायची. पण कुठं? कोणालाच सांगायचे नाहीत.

तर मी काय केलं? पडद्यामागे उभा राहिलो. आवाज काढण्यात अपन उस्ताद. शाळेत प्रिन्सिपलचा आवाज काढून मी अख्ख्या नववीला सुटी दिलेली आहे, तेव्हापासून शाळा आणि मी जरा कमी भेटतो. बाबांचा श्वास लांब झाला, मी हळूच हात घालून रेकॉर्डिंग बंद केलं आणि साय लावली आवाजाला, “आता सांगा… तुम्हाला काय दिसतंय?”

बाबा म्हणाले, “पाणी.”

अहो, माझ्याच अंगावर काटा! झोपेत बोलावं तसं बोलले. “मांडू… जहाज महालाच्या पायऱ्या… दगड गार आहे. पाण्यात ढग उतरलेत. ढग हलतात की महाल हलतो, कळत नाही…” आणि भिया, खोटं नाही सांगत, मला पण दिसायला लागलं. तो महाल सुटला हो किनाऱ्यावरून! हळूहळू निघाला, कमानींमधून वारा, कुठं बकरीच्या गळ्यातली घंटी… मी पडद्यामागे उभ्या उभ्या चाललो होतो. मोठ्या मुश्किलीनं विचारलं, “सोबत कोण आहे?”

“कोणी नाही.”

“पत्नी?”

“नाही हो.”

“मुलगा… हुशार, देखणा?”

“नाही, नाही,” बाबा म्हणाले, आणि इतकं गोड हसले, इतकं गोड… मी जन्मल्यावर तरी हसले असतील का, देव जाणे!

आता स्कूटी जिंकली म्हटल्यावर मी जेवताना सांगणार की नाही? सांगितलं! “बाबा मांडूला जातात. एकटे.” झालं. आईची पोळी तव्यावर, आई बाबांसमोर. “एकटे? मी नाही? वीस वर्षं मांडूला नेतो नेतो म्हणताय, आणि रोज सकाळ-संध्याकाळ एकटे जाऊन येता?” माई म्हणाली, “जन्मदात्रीला घरी ठेवून? आपल्या घरात अशी रीत नाही हो उमा.” आणि बरोबर आहे! आमच्याकडे एकटं कोणी कुठं जातं का? दात काढायला चौघं जातो, डबा घेऊन! बाबांचा घास हातातच. विचारलं, “हे तुला कोणी सांगितलं?” आणि माझ्या तोंडातून निघालं… “मॅडमनं. फोन आला होता.”

निघालं तोंडातून! समोर बाबा, हातात पोळी, डोक्यात स्कूटी… यात माझं काय चुकलं?

बाबांनी घास ताटात ठेवला आणि हात धुतले. ते कधीच काही बोलत नाहीत, तोच तर त्यांचा आजार आहे. दुसऱ्या दिवशी ते बसले, तर आई समोर, “आज मी आहे ना त्यात?” बाबा म्हणाले, “आहेस.” “काय नेसलेय?” आता बाबांना आईच्या साड्या माहीत असत्या तर बीपी झालं असतं का! माई म्हणाली, “मला दगडावर बसवत नाही, खुर्ची घे. आणि ऊन नको.” देवासहून भूपेंद्रमामाचा फोन, “जिजाजी, मांडू चले हो तो दाल-पानिये की व्यवस्था मेरी तरफ से!” ती पाण्यावरची शांत जागा, भिया… तिथं सतरंजी आली, डबे आले, पानिये, म्हणजे आमचे मक्याचे रोट, भाजायला गोवऱ्या पेटल्या, धूर झाला, मामा पाण्यात पाय सोडून जोक सांगायला लागले. बाबा डोळे मिटून घाम पुसायचे. बीपीचं मशीन दंडावर बांधलं की फुसफुस फुगायचं, आणि आकडा गोळी घेऊनही वर!

मग बाबांनी डोळे मिटणंच सोडलं. म्हणाले, “त्या मॅडमकडे मी जाणार नाही. माणूस विश्वासानं मनातलं सांगतो, आणि त्या घरी पोचवतात.” आई म्हणाली, “अहो, पण सोमवारी मॅडमनी बोलावलंय…” बाबा म्हणाले, “नाही म्हणजे नाही.” आणि चहाचा कप उचलला, तर कप बशीवर वाजला. फार नाही, थोडाच. पण माझ्या कानात ते वाजतच राहिलं. स्कूटी दारात उभी, किल्ली माझ्या खिशात. दोन दिवस मी तिला किक मारली नाही. मेधाताई म्हणाली, “काय रे, तब्येत बरी नाही?” मी म्हटलं, “पेट्रोल महाग झालंय.”

रविवारी दुपारी सगळे झोपले होते. बाबा खुर्चीत, डोळे उघडे, छताकडे. मला सरळ सांगायचं होतं हो! पण सरळ सांगायला माझा आवाजच निघेना. तर मी गेलो पडद्यामागे, आणि निघाला तो सायीचा आवाज. “श्वास घ्या…”

बाबा दचकले. पण सवय झालेली… घेतला.

“सोडा. आता तुम्ही मांडूला आहात… सतरंजी गुंडाळली… मामा देवासला गेले… माईची खुर्ची, आईचा डबा, सगळं घरी गेलं. धूर गेला. पाणी आहे, ढग आहे…” बाबांचे डोळे मिटले. माझेपण. “…आणि मॅडमनं कोणाला काही सांगितलं नाही. मॅडमनं फोन केलाच नव्हता. ती मॅडम मी होते… म्हणजे होतो. स्कूटीसाठी. मी हर्षित आहे, बाबा. सोमवारी त्यांच्याकडे जा. माझी चूक आहे.”

मी गाल तयार ठेवला. बाबांनी डोळे उघडलेच नाहीत. लांब श्वास घेतला, सोडला, आणि म्हणाले, “मॅडम, इथं एक मुलगा आलाय.”

मी सायीतच विचारलं, “काय करतोय?”

“पाण्यात दगड मारतोय. सगळे ढग हलवले मेल्यानं.”

“मग… घरी पाठवू?”

बाबांनी पाण्याकडे बघितलं, मिटल्या डोळ्यांनी. मग म्हणाले, “राहू दे. बसवा त्याला खालच्या पायरीवर. पण तोंड बंद.”

तर भिया, घरात सगळ्यांना खरं सांगितलं, किल्ली मेधाताईला परत दिली, आणि मी बसलोय. त्या पायरीवर. दगड खरंच गार आहे. स्कूटी नाही, शेव नाही, बोलायचं नाही. यात माझं काय…

हो हो. माझंच चुकलं.