सतरावी थरथर

— नाही हो यदुल्लाह आगा, आधी काहीच बिघडलेलं नव्हतं, फक्त बाराव्या थरथरीला शांत व्हायला किंचित जास्त वेळ लागला — तिथंच माझ्या काळजात चर्र झालं. कुणाचं लग्न? लग्नबिग्न काही नाही! उद्या विद्यापीठात माझ्या प्रबंधाची तोंडी परीक्षा आहे, परीक्षकांपुढे मिठाई ठेवायची ती विद्यार्थ्यानंच, शिराजमध्ये एवढी वर्षं दुकान चालवताय, तुम्हाला मी काय सांगू — पण थांबा, खोकं बांधू नका अजून.

विषय? कृष्णविवर. हसताय काय! सगळं विश्व बारीक तंतूंचं आहे असं मानलं, तर गुरुत्वाकर्षणाचं सूत्र जरा बदलतं. त्या बदललेल्या सूत्रातलं कृष्णविवर टिकतं का, एवढंच चार वर्षं तपासतेय. कसं म्हणजे — कॉम्प्युटरवर त्याला धक्के द्यायचे, आधी ढोबळ, मग बारीक, मग आणखी बारीक, आणि थरथर विरते का ते बघत बसायचं; विरली तर टिकलं, वाढली तर नाही. पहिल्या दहा विरल्या. माझे मार्गदर्शक उस्ताद नीकबख़्त म्हणाले, ‘बस्स मुली, टिकतंय, लिहून टाक.’ टाकलं लिहून, निबंध छापूनही आला. मग मी पुढं कशाला गेले? — आता काय सांगू, खोलीवर जाऊन तरी कुणाशी बोलणार होते, प्रोग्राम चालू असला की सोबत वाटते, म्हणून ठेवला चालू — बारावी रेंगाळली, चौदावी त्याहून, आणि सतरावी विरलीच नाही, वाढतच गेली, वाढतच — अगं बाई! ट्रे पडला होय? काही नाही, उगाच दचकते मी.

किती माणसं? चार परीक्षक आणि मी. आई बूशहरला असते, गुडघे दुखतात तिचे, एवढा प्रवास — नाही, खरं म्हणजे मी तिला कळवलंच नाही. ती समोर बसली असती, तर तिच्या देखत ‘टिकतं’ म्हणायला माझी जीभ वळली नसती. हो, कालपरवा नाही कळलं मला. अकरा दिवस झाले. छापलेल्या निबंधावर उस्तादांचं नाव आहे, माझ्या आधी. सकाळपासून फोन लावतेय, उचलतच नाहीत — म्हणजे, दोनदा लावला, दोन्ही वेळा दुसऱ्या घंटीलाच मी ठेवून दिला. आता वाजू देतेय. हे बघा — चौथी... पाचवी... तुम्ही त्या बाईंना काय हवं ते बघा ना, माझ्याकडे काय बघत बसलाय —

सलाम, उस्ताद. हो, माहरुख बोलतेय... उस्ताद, उद्याची परीक्षा थांबवा.