सलीमभाईंचा काळा चष्मा

हसू नका, पण डोळे आलेल्या माणसाकडं नुसतं बघितलं तरी आपलेबी येतात, हे मी बिलकुल खरं मानायचो. अन् अंबडला आमच्या बियाण्याच्या दुकानात एका सकाळी सलीमभाई काळा चष्मा लावून आले. कडेनं लालबुंद डोळे दिसले अन् माझं धाबंच दणाणलं. काम तर शेजारी बसूनच करायचं. मंग मी भिंतीकडं तोंड करून त्यांच्याशी बोलायला लागलो.

एका गिऱ्हाइकानं विचारलं, “तुमचं दोघांचं भांडण झालं काय?”

शेवटी सलीमभाईंनाच माझी दया आली. “भाऊ, किती घाबरून राह्यले तुम्ही. हा घ्या, लावा,” म्हणत त्यांनी स्वतःचा चष्मा काढून मला दिला. मी तो जल्दी चढवला अन् दिवसभर बिनधास्त त्यांच्याकडं बघत बोललो.

संध्याकाळी तसाच ऐटीत घरी गेलो.

बायको म्हणाली, “चष्मा कुणाचा?”

“सलीमभाईंचा. त्यांचे डोळे आलेत ना, म्हणून लावला.”

“ज्याचे डोळे आले, त्याचाच?”

ती गर्रकन भिंतीकडं वळली अन् पाठमोरीच म्हणाली, “ताट वाढलंय, जेवून घ्या.”