चौथऱ्यावर न कोरलेलं नाव

आजच्या अध्यक्षा, नगराध्यक्षा मादाम ओदील, व्यासपीठावरचे पाद्रीबाबा, स्मारक समितीचे सदस्य आणि समोर जमलेल्या माझ्या मार्तिनिक बेटावरच्या बंधुभगिनींनो,

आज निवृत्त होणाऱ्या एवारिस्त पाथरवटांना निरोप देण्याचा मान मला दिलात. पण त्यांच्याविषयी बोलायचं तर थोडं माझ्याविषयीही बोलावं लागेल. सांभाळून घ्या.

चौकातलं ते दगडी जोडपं, पायांशी तुटलेली बेडी, यांच्याच हातचं. चौथऱ्यावरची चारशे बारा नावंही यांनीच कोरली. गुलामी उठली तेव्हा सुटलेल्या आपल्या पूर्वजांची नावं. समितीचा चिटणीस म्हणून मी सुटकेच्या वेळच्या नोंदवहीतून नाव वाचायचं आणि यांनी टाकी चालवायची.

काम संपत आलं होतं, तेव्हा आपल्या इर्मीनआजी आल्या. म्हणाल्या, "माझ्या आजीच्या आजीचं नाव घाला. सुटकेच्या आदल्या वर्षी गेली ती."

त्यांनी नावही सांगितलं. मी म्हणालो, "कागद आणा, आजी."

"कागद मालकाकडे होते, बाळा. आमच्याकडे ती होती."

एवारिस्त म्हणाले, "एका ओळीची जागा आहे. कोरू?"

"आज एक कोराल, उद्या शंभर जण येतील."

"मग शंभर कोरू."

मी नाही म्हणालो. नियम होता ना. कागदच नाही म्हणून अर्जसुद्धा घेतला नाही.

त्यानंतर अकरा वर्षं, दर बावीस मेला, मुक्तिदिनी, आजी त्या कोऱ्या जागेखाली फुलं ठेवून जायच्या. मला नमस्कार करायच्या. मागच्या पावसाळ्यात त्या गेल्या.

यंदा समितीनं नियम बदलला. तोंडी सांगितलेली नावंही चालतील. मी ते नाव विचारायला धावत त्यांच्या लेकीकडे गेलो. ती म्हणाली, "आई सांगायची हो. आम्हीच कधी कान दिला नाही."

मग या एवारिस्तांकडे गेलो. त्यांनी टाकी बाजूला ठेवली. म्हणाले, "एकदाच ऐकलं होतं. 'झ'नं सुरू होत असावं. पण 'असावं' एवढ्यावर दगडात घाव घालवत नाही. तुम्ही लिहून घेतलं नव्हतं?"



एवारिस्त, उद्यापासून तुमच्या हातांना विश्रांती मिळो. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना कुणाचा उल्लेख राहिला असेल तर उदार मनानं क्षमा करा. जिचं नाव राहिलं, तिची क्षमा मागायची तर हाक कोणत्या नावानं मारू, तेही मला ठाऊक नाही.