शेजारच्या घराचा मेन मी बंद केला, त्याबाबत

मी, खाली सही करणार, वय एकोणपन्नास, धंदा शिवणकाम, शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत, राहणार बाजारामागची तीन मजली इमारत, दुसरा मजला, जिन्यालगतचे घर, आज दुपारी आपण होऊन पोलीस ठाण्यात येऊन सांगतो की,

वरील पत्त्यावर मी पत्नीसह राहतो आणि घरातच कपडे शिवतो. सगळे मला मास्तर म्हणतात. माझे मशीन ज्या भिंतीला लागून आहे, तिच्या पलीकडे काकूंचे स्वयंपाकघर आहे. काकू म्हणजे बालवाडीच्या निवृत्त बाई, वय सत्तरीच्या पुढे, पती हयात नाहीत, मूलबाळ नाही. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत.

काकूंचा विजेच्या वस्तूंवर भरवसा नाही. घर सोडताना काहीही चालू ठेवायचे नाही, हा त्यांचा नियम आहे. खाली दूध आणायला गेल्या तरी घरातला मेन स्विच पाडून जातात आणि माझ्या दारातून सांगतात, "मेन बंद केलाय हो मास्तर, घराकडे लक्ष असू द्या." पत्नी त्यांना चिडवायची, "काकू, फ्रिजमधलं दही घाबरत असेल अंधारात." त्यावर काकू म्हणायच्या, "दार लावलं की तिथे रोजच अंधार असतो, त्याला सवय आहे."

त्यांची आणखी एक सवय सांगणे जरूर आहे. आमच्या मजल्यावर पाणी ठरलेल्या वेळी येत नाही. काकूंचा नळ आधी वाजतो. मग त्या उलथन्याच्या दांड्याने भिंतीवर तीनदा ठोकतात. मी कात्रीच्या मुठीने एकदा ठोकून पोच देतो आणि आमचा नळ सोडतो. बरीच वर्षे असे चालत आले आहे.

यंदा उन्हाळ्याच्या आधी काकूंचा पुतण्या त्यांच्याकडे राहायला आला. तो घरगुती यंत्रांच्या दुकानात विक्रेता आहे. बोलायला गोड आहे. त्याने घरात आपोआप लागणारे दिवे, गाणी लावणारा डबा, फरशी पुसत फिरणारे गोल यंत्र आणि दाराला कॅमेऱ्याची घंटा बसवली. कडीकोयंडा काढून स्वतःच्या बोटाने उघडणारे कुलूप लावले. मला बोलावून सगळे दाखवले आणि म्हणाला, "मास्तर, आता घराला माणूस लागत नाही. मी दुकानात बसून सगळं बघतो. नुसता करंट गेला तरी पहिला निरोप माझ्या फोनवर येतो."

मी काकूंना विचारले, "कुलूप तुमच्या बोटाने उघडतं का?" त्या म्हणाल्या, "माझी बोटं भांडी घासून गुळगुळीत झालीत म्हणे. यंत्राला दिसत नाहीत."

पत्नीने ते फरशीचे यंत्र पाहिले आणि मला म्हणाली, "मधोमध पुसतं आणि कोपरे सोडतं. आपल्या घरी एक आहे तसलं, शर्ट शिवतं." हे पत्नीचे मत आहे. तपासाशी त्याचा संबंध नाही.

त्यानंतर एकदा भिंतीतून बोलणे ऐकू आले. पुतण्या म्हणत होता, "घर माझ्या नावावर करून टाक ना काकू, म्हणजे मला नीट सुधारणा करता येतील." काकू म्हणाल्या, "मी गेल्यावर तुझंच आहे. मला जायची घाई नाही."

काकूंना मी शेवटचे गेल्या गुरुवारी गॅलरीत पाहिले. शुक्रवारपासून त्यांच्या स्वयंपाकघरात दिवसभर मोठ्याने गाणी लागलेली असतात. काकूंना गाणी आवडतात, पण त्या स्वतः म्हणतात, लावत नाहीत. शनिवारी मी घंटा दाबली. घंटेतून पुतण्याचा आवाज आला, "काकू झोपल्यात, मास्तर." काल पुन्हा दाबली, तेव्हा म्हणाला, "काकू बहिणीकडे गेल्यात." मी म्हणालो, "मग मेन चालू कसा? आणि मला न सांगता गेल्या?" तो हसला आणि म्हणाला, "मोडली ती सवय."

मला ते पटले नाही. पण दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये असे वाटून मी परत मशीनवर बसलो. संध्याकाळी देवापुढे हात जोडताना त्यांचे नाव घेतले, तेवढेच केले.

आज जेवणानंतर इमारतीची वीज गेली. माझ्या मशीनला मोटर असल्याने तेही थांबले. पलीकडची गाणी बंद पडली. अशा वेळी मी डोळे मिटून नामस्मरण करतो, तसा बसलो होतो. तेव्हा भिंतीवर तीनदा ठोकल्याचा आवाज आला. सवयीने मी कात्री उचलून एकदा ठोकले, उठून मोरीत गेलो आणि नळ सोडला. नळ कोरडा होता. मी त्या नळाकडे पाहत उभा राहिलो. बाहेरून पत्नीने विचारले, "पाणी आलं का?" मी म्हणालो, "नाही. काकू आहेत."

आम्ही दोघांनी त्यांच्या दारावर थापा मारल्या, हाका मारल्या. दार उघडले नाही. तेवढ्यात वीज आली आणि गाणी पुन्हा सुरू झाली. काही ऐकू येईना. म्हणून मी जिन्याखाली मीटरपाशी जाऊन फक्त काकूंच्या घराचा मेन पाडला. कोणाची परवानगी घेतली नाही. वर येऊन भिंतीवर ठोकले. बऱ्याच वेळाने उत्तर आले. या खेपेस एकदाच आले, आणि खालून, जमिनीलगत आले. पत्नीला भिंतीशी बसवून, अधूनमधून ठोकत राहायला सांगून मी इकडे आलो.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे लिहिला आहे. वाचन चालू असताना करंटच्या निरोपाचे वाक्य आले, तेव्हा मी त्यांना मध्येच थांबवले. मेन मी पाडला, त्याचा निरोप पुतण्याच्या फोनवर केव्हाच गेला असेल. दुकान आमच्या इमारतीपासून या ठाण्यापेक्षा जवळ आहे. पत्नी तिथे एकटी आहे. ही शेवटची वाक्ये माझ्या सांगण्यावरून वाढवली असून ती वाचून दाखवण्यासाठी थांबू नये, ही विनंती. सही केली आहे.