पुस्तकात नसलेली पानं

(खानदेशातलं रनाळे, १९३४. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार दिवस आहेत. दुपारी ओसरीवर सून रुक्मिणी सासू दगूबाईला कादंबरी वाचून दाखवते आहे.)

दगूबाई : थांब वं जरा. तू वाचस तवय तुन्हा डोया या कडथीन त्या कडलोंग जातस, आनि परत येतस. तासमा बैल चालस तसा. आज चार दिवस व्हयनात, त्या एकच जागावर उभा राहतस.

रुक्मिणी : अक्षर बारीक आहे, आत्याबाई.

दगूबाई : अक्षर पहिला दिवसथीन बारीकच व्हतं. माले वाचता येस नही, पन मी आंधयी नही. पुस्तकमा खरं काय लिखेल शे? तुन्ही शाळानी बोलीमा सांग, चाली.

रुक्मिणी : मगन घरी परत येत नाही.

दगूबाई : काल तं तो सुरतथीन निंघना व्हता. मायकरता लुगडं लिधं व्हतं त्यानी.

रुक्मिणी : ते लुगडं मी घेतलं. पुस्तकात नाही.

दगूबाई : मंग पुस्तकमा?

रुक्मिणी : बुडतो. सत्तराव्या पानावर.

दगूबाई : आते कितवं शे?

रुक्मिणी : एकशे दहावं.

दगूबाई : चाळीस पानं तू त्याले जिवत ठेवा?

रुक्मिणी : तुम्ही तीन वर्षं ठेवलंय.

दगूबाई : मन्हा छगननं पिरेत कोनी देखं?

रुक्मिणी : कुणीच नाही. पण प्रकाशा गावापाशी त्यांची होडी उलटली, ती बाराजणांनी पाहिली. तापीला पूर होता. त्यांना पोहता येत नव्हतं, हे तुम्हालाही माहीत आहे. मला गावात हळदीकुंकवाला कुणी बोलावत नाही, आणि समजूत घालायलाही कुणी येत नाही. अखाजीला सगळे आपल्या मेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. आपल्याकडे त्यांचं नाव निघालं की तुम्ही गोठ्यात निघून जाता.

दगूबाई : ...त्या मगननी माय बाकीना पानंमा काय करस?

रुक्मिणी : आधी काहीच नाही. पडून राहते. मग म्हैस अडते, म्हणून उठते.

दगूबाई : म्हस वाचनी?

रुक्मिणी : वाचली. पारडू गेलं.

दगूबाई : आनि लिखनारा सांगस का, पोऱ्या का बरं मरना?

रुक्मिणी : नाही. मीही तेच शोधत होते. मागची-पुढची पानं चाळली. धारा काढणं, भांडणं, पेरणी, एवढंच लिहितो.

दगूबाई : वरना देवबी सांगस नही. मानूस गया, आनि पुस्तक चालूच.

रुक्मिणी : अजून शंभर पानं आहेत.

दगूबाई : घागर भरी का तुन्हं कुकू जाई. माले तेच भेव व्हतं. का मन्हंच मन मानस नव्हतं, कोन जाने.

रुक्मिणी : हे कुंकू मला जड झालंय, आत्याबाई.

दगूबाई : ...सकाये भिकन कुंभार उना व्हता. तुन्हा सासरानी एकच घागर सांगी मी त्याले.

रुक्मिणी : हो. ऐकलं मी.

दगूबाई : जा, त्याले सांगी ये. दोन लागतीन. दुसरी छगननी.